आधी बैठक कापा, मग फोन करा

मी, मनोरमा वासुदेव मेस्त्री, वय वर्षे अठ्ठावन्न, मूळ गाव कुडाळ तालुक्यातले, सध्या राहणार रोला, शारजा, धंदा लग्नाच्या खुर्च्या बनवण्याचा, आज हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या महिन्यात माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर माझ्याशी हसून बोलतात, पण हसताना फाईलकडे बघतात. म्हणून उशीर करीत नाही. माझे डोके ठिकाणावर आहे आणि मला कुणी भरीस घातलेले नाही. सहाव्या कलमात मी जे सांगणार आहे ते वाचून माझ्या शुद्धीबद्दल कुणी शंका घेईल, म्हणून वकील शैलेंद्र यांनी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. याचा अरबी तर्जुमाही तेच करून घेतील. तर्जुमा करणाऱ्याला काही विचित्र वाटले तर त्याने ते तसेच उतरवावे, सुधारू नये.

मला दोन मुले आहेत. मुलगा रोनित, त्याची पत्नी शुभ्रा. आणि मुलगी मिहिका, जी दुबईत नोकरी करते आणि अजून लग्नाचे नाव काढू देत नाही. दोघेही इथे वाढले. मी मराठीत बोलते, ते इंग्रजीत उत्तर देतात, आणि आमचे भांडणसुद्धा असेच होते. तरी हे मृत्युपत्र मराठीतच आहे. मिहिकाला वाचता येते. रोनितला तिने वाचून दाखवावे.

१. पुण्यातला फ्लॅट दोघांचा निम्मा निम्मा. विकायचा असेल तर दोघांच्या संमतीने विकावा. गच्चीवर हक्क सांगणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना काही झाले तरी विकू नये.

२. इथल्या आणि पुण्याच्या बँकेतली शिल्लक दोघांत सारखी वाटावी. ऑपरेशनचे बिल त्यातूनच आधी द्यावे. वासुदेव असता तर बिल हातात घेऊन दिरहॅमचे रुपये मोठ्याने करीत बसला असता आणि नर्सला ऐकवले असते. तसे करू नये.

३. माझे दागिने मिहिकाचे. त्यातल्या पाटल्यांची जोडी मात्र माझ्याकडे नाही. ती जाऊबाई छाया यांनी वासुदेवच्या बाराव्याला ‘सांभाळून ठेवते’ म्हणून नेली आणि अजून सांभाळत आहेत. त्या पाटल्या आता शुभ्राला द्याव्यात. दीर हेमचंद्र यांना मी काहीही ठेवत नाही. भाऊ गेल्याच्या महिनाभरात ते इथे आले आणि, वहिनी, गल्फमध्ये बाईमाणसाला वर्कशॉप झेपत नाही, तुम्ही गावी चला, मी बघतो, असे म्हणाले. बोलता बोलता ते सहाव्या कलमातल्या खुर्चीत बसायला गेले. आमच्या वर्कशॉपमधल्या खैरुद्दीनने पुढे होऊन त्यांचा दंड धरला आणि सांगितले, “भावजी, सरस ओला आहे, पँट चिकटेल.” सरस पाच वर्षांपूर्वीच सुकला होता. हेमचंद्रांना आजही वाटते की तिथे त्यांचा अपमान झाला. खरे म्हणजे त्या दिवशी त्यांच्यावर जेवढे उपकार झाले तेवढे त्यांच्यावर कुणीच केले नसतील.

४. शारजा औद्योगिक क्षेत्रातले वर्कशॉप, यंत्रे, लाकूड, कापड आणि ऑर्डरी, म्हणजे जे आपले आहे ते सगळे, रोनितचे. लायसन्समधला अरबाबांचा, म्हणजे आमच्या इथल्या स्थानिक भागीदारांचा, हिस्सा त्यांचाच आहे. इतक्या वर्षांत त्यांनी आमचा एकही कागद अडवला नाही, याची रोनितने आठवण ठेवावी. एक अट आहे. आमच्या वर्कशॉपचा रिवाज त्याने मोडू नये. हॉलवाल्यांना नवरानवरीच्या खुर्च्यांची जोडी पाठवण्याआधी आम्ही तिचा भार बघतो. नवऱ्याच्या खुर्चीत वासुदेव बसायचा, नवरीच्या खुर्चीत मी, आणि खैरुद्दीन खाली वाकून सांधे ऐकायचा. कुरकुर ऐकू आली तर माल परत आत. लग्नाच्या खुर्चीत आधी नांदते जोडपे बसलेले असावे, असे वासुदेवचे म्हणणे होते. केसांत भुसा आणि अंगावर घरातली साडी अशा अवतारात मी या देशातल्या कितीतरी नवरी मुलींच्या आधी नवरी होऊन बसले आहे. यापुढे रोनित आणि शुभ्रा यांनी बसावे. शुभ्राला हसू येईल. येऊ द्यावे.

५. वासुदेवची कोरीव कामाची हत्यारे, जी त्याच्या आजोबांकडून आली, ती मी हयातीतच खैरुद्दीनच्या हातात दिली आहेत आणि माझे शिवणयंत्र त्याच्या बायकोला, कुलसुमला. खैरुद्दीन या कागदावर साक्षीदार आहे, म्हणून त्याच्या नावाने इथे काही लिहू नये असे वकिलांनी सांगितले. म्हणून लिहीत नाही. तो दाभोळचा, आमच्याकडे पहिल्यापासून कापड आणि गादीकाम करतो, वासुदेवच्या हाताखाली लाकूडकामही शिकला, मला वैनी म्हणतो, आणि खाली जे लिहिले आहे ते सगळे त्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

६. मोठी खुर्ची.

शोरूमच्या मागच्या खोलीत पांढऱ्या चादरीखाली एक उंच पाठीची सागवानी खुर्ची आहे. तिला जोडी नाही. रोनित दुबईत अल क्वोजला नवे शोरूम घेतो आहे आणि ही खुर्ची काचेमागे ठेवून गिऱ्हाइकांना तिच्यात बसवून फोटो काढू देण्याचा त्याचा बेत आहे. मी नको म्हटले तेव्हा तो म्हणाला, “इट्स जस्ट अ चेअर, ममा.” ती नुसती खुर्ची नाही. हे त्याला तोंडी सांगून झाले, आता लिहून सांगते.

एकोणीसशे ब्याण्णवच्या उन्हाळ्यात एक गृहस्थ ऑर्डर घेऊन आले. अंगात करडा कोट, ऑगस्ट महिना, आणि कपाळावर घामाचा थेंब नाही. हिंदी बोलायचे, पण रेडिओवरून शिकल्यासारखे, एकेक शब्द ठेवीत. त्यांनी नाव सांगितले नाही. आम्ही पुढे आपसात त्यांना कारभारी म्हणू लागलो, तेच इथे लिहिते. त्यांना एकच खुर्ची हवी होती. जोडीतली दुसरी नको का, असे वासुदेवने विचारले. ते म्हणाले, राजा एकच असतो. नवा राजा आहे, घराणे अजून व्हायचे आहे. कुठला देश म्हणून विचारले तर लांबचा आहे म्हणाले. राजवाडा? तो मागून होईल. आधी गादी लागते, मग राजा, मग बाकीचे. पाठीवर सिंह, मोर, काहीही कोरायचे नव्हते. पाठ कोरी हवी होती.

इथे असली गिऱ्हाइके येतात. कुणाला हॉटेलसाठी सिंहासन हवे असते, कुणाला बापाच्या साठीसाठी. आम्ही चहा दिला, त्यांनी घेतला नाही, पैसे मात्र सगळे आधीच दिले. वासुदेवने जन्मात केले नव्हते असे काम केले. एकही खिळा नाही, सांध्यात सांधा.

न्यायला येण्याच्या दिवशी सकाळी खैरुद्दीनने बैठक चढवली आणि वासुदेव सवयीने भार बघायला बसला. मला बसायला दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून मी बाजूला उभी राहिले. तो पुढे झुकला, मागे रेलला, कुशीवर वळला. काही आवाज नाही. “एकदम चूप आहे गं,” तो म्हणाला, आणि जरा वेळ तसाच बसून राहिला. दुसऱ्या खुर्च्यांतून तो लगेच उठायचा.

ते दुपारी आले, बाहेर सगळे शटर अर्धे ओढून झोपलेले असतात त्या वेळी. कारभारी धरून अकरा जण होते. गाडीचा आवाज आला नव्हता. सगळ्यांचे करडे कोट, सगळ्यांच्या बुटांच्या कडांना काळी माती. आमच्याकडे मैलोन् मैल पांढुरकी रेती. काळी माती मी शेवटची पाहिली ती घाटावरच्या शेतात. कारभाऱ्यांनी खुर्चीभोवती एक फेरी मारली, हात लावला नाही, आणि विचारले, हिच्यात आधी कुणी बसले होते का?

वासुदेवने छाती काढून सांगितले, “मी. भार बघितल्याशिवाय आमच्याकडून माल जात नाही.”

कारभाऱ्यांनी ते त्यांच्या भाषेत मागच्यांना सांगितले. कुणी रागावले नाही. अकराच्या अकरा माणसे कमरेतून वाकली आणि वासुदेवसमोर तशीच राहिली. मग कारभारी म्हणाले, “ज्याला आणायला आम्ही माणसं पाठवली होती, त्याला आता निरोप देतो. त्यानं यायची गरज नाही.”

वासुदेव आधी हसला, मग घाबरला. नवी करून देतो म्हणाला, पैसे परत काढले. त्यांनी घेतले नाहीत. गादी आता जिथे आहे तिथेच राहील, आम्ही येत जाऊ, असे म्हणून ते गेले. तोंड आमच्याकडे, पावले मागे, शटरच्या पन्हळीवरून न बघता, एकही न अडखळता. ते गेल्यावर खैरुद्दीन म्हणाला, “मेस्त्री, मुजरा झाला तुम्हाला. आता आमचा पगार वाढवा.” तेव्हा आम्ही तिघेही हसलो होतो.

ते दर वर्षी त्याच दिवशी, त्याच दुपारी येत राहिले. येताना तांब्याच्या लोट्यात पाणी आणायचे. इथले पाणी समुद्राचे, यंत्रातून गोड केलेले, त्याला चव नसते. लोट्यातल्या पाण्याला विहिरीची चव होती. पाणी समोर ठेवून ते वासुदेवला खुर्चीत बसवायचे, स्वतः ओळीने उभे राहायचे आणि एक प्रश्न विचारायचे. उत्तर हो किंवा नाही, एवढेच हवे असे. पहिल्या वर्षी विचारले, विहीर खणावी का? वासुदेवने खणा म्हटले. त्यात काय विचारायचे, असे मला म्हणाला. दुसऱ्या वर्षी, कैदेतल्यांना सोडावे का? सोडा. वासुदेवला ते आवडू लागले होते, हे मी लपवीत नाही. धंदाही वाढला होता. दिलेली ऑर्डर कुणी परत घेत नव्हते, आमचा एक सांधा कुठे निखळत नव्हता. तो दाढी रोज करू लागला. घरी भाजीला मीठ कमी पडले तर बोलायचा नाही, नुसता बघायचा.

तिसऱ्या वर्षी प्रश्न नदीचा होता. उत्तरेकडून वळवावी का? वासुदेवने विचार केला. जास्त लोकांचे भले होईल का, असे विचारले. होईल, असे उत्तर आले. मग वळवा, तो म्हणाला.

पुढच्या वर्षी सहा जण आले.

वासुदेवने खुर्चीत बसायच्या आधीच विचारले, बाकीचे कुठे आहेत? कारभाऱ्यांनी तक्रारीचा सूर न लावता, जणू हवामान सांगावे तसे सांगितले, “ते उत्तरेकडचे होते.”

त्या वर्षी वासुदेवने उत्तर दिले नाही. चादर आणून खुर्चीवर टाकली आणि मागच्या खोलीत जाणे सोडले. घरी तो नळ सोडून तसाच उभा राहायचा, पाणी वाहताना बघत. मी विचारले तर म्हणायचा, किती माणसं असतील गं एका नदीवर? सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एका सकाळी वर्कशॉपमध्येच त्याच्या छातीत कळ आली आणि हॉस्पिटलला पोचेपर्यंत तो गेला.

रोनित तेव्हा पुण्यात कॉलेजला, मिहिका शाळेत. वासुदेवचा पासपोर्ट वर्कशॉपच्या मागच्या खोलीतल्या कपाटात होता, तो घ्यायला मी हॉस्पिटलमधून तडक आले. दुपार होती, वीज गेली होती, एसी बंद, खोलीत भट्टीसारखी हवा. पासपोर्ट सापडला. तो हातात घेतला आणि मागे जे होते त्यावर मी बसले. मागे काय आहे ते मी पाहिले नाही. चादरीवर बसले एवढेच कळले. बैठक गार होती. त्या उकाड्यात तेवढीच एक वस्तू गार होती, आणि देवा शपथ, मला बरे वाटले.

डोळे उघडले तर दारात ते सहा जण उभे. त्यांचा दिवस नव्हता. वासुदेव गेल्याचे मी अजून मुलांनाही कळवले नव्हते. कारभारी वाकले आणि म्हणाले, “एक बसला तर राजा. त्याच घरातलं दुसरं बसलं की घराणं. आता आम्हाला घराणं आहे.” मी उठायला गेले तर म्हणाले, उठा, हरकत नाही, बसणे झाले आहे.

अशी मी राज्यावर आले. माझ्या मनात नव्हते, हे कुणाला सांगायचे?

माझे राज्य सहा वर्षे झाले आणि त्यात मी एकाही प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. सरहद्दीचा दरवाजा उघडावा का? पुढच्या वर्षी सांगते. दोन भावांच्या भांडणात धाकट्याला हद्दपार करावे का? पुढच्या वर्षी. वर्कशॉपमध्ये मी कुणाला डिलिव्हरीची तारीख चुकवू दिली नाही, आणि तिकडे दर वर्षी तारीख पुढे ढकलत गेले. पण सहाचे पाच झाले नाहीत. मी एवढेच बघत होते.

गेल्या वर्षी कारभाऱ्यांनी मला सांगितले की थांबलेले प्रश्न संपत नाहीत, ते साठले आहेत, आणि माझ्यामागे जो बसेल त्याला सगळे एकदम द्यावे लागतील. मी विचारले, कुणीच नाही बसले तर? त्यांनी वळून मागच्या पाच जणांकडे पाहिले. मग म्हणाले, “राजाच्या पश्चात गादी रिकामी राहिली की कुणीही बसतं. आणि तिसरं बसलं की सुटका नाही. तुमच्या वंशाची नाही, आमचीही नाही.”

तेव्हा मी मुलांना सगळे सांगितले. रोनित हसला. खरेच असेल तर आपण बसू म्हणाला, “यस ऑर नो, ममा. व्हॉट्स द बिग डील?” तो वाईट मुलगा नाही. तो दिवसभर फोनवर हो आणि नाही म्हणतो आणि त्यातले बरेचसे बरोबर निघते. वासुदेवचेही तिसऱ्या वर्षापर्यंत बरोबरच निघत होते. तो एका दुपारी सगळी उत्तरे देऊन मोकळा होईल, आणि पुढच्या वर्षी दारात किती माणसे असतील याची मला कल्पना करवत नाही. आणि त्या काचेमागे फोटोसाठी आधीच कुणी परके बसले, तर?

मिहिका हसली नाही. तिने विचारले, “आई, दे स्टँड द होल टाइम? कुणी त्यांना बसायला नाही सांगितलं?”

इतक्या वर्षांत हे आम्हाला सुचले नव्हते. खुर्च्या बनवणारी माणसे आम्ही.

७. अकरा साध्या खुर्च्या.

या वर्षी त्यांच्या दिवसाआधी मी खैरुद्दीनकडून अकरा खुर्च्या करून घेतल्या. सोनेरी मुलामा नाही, नक्षी नाही, घरात जेवणाच्या टेबलाशी असतात तशा, बैठकीला नवा फोम. खैरुद्दीन म्हणाला, वैनी, येतात सहा, अकरा कशाला? मी म्हटले, तू कर. कपही अकरा मांडले.

गेल्या सोमवारी ते आले. सहाच होते. मी माझ्या जागी बसले आणि म्हटले, बसा. कारभाऱ्यांना आधी ते समजलेच नाही. मग म्हणाले की राजासमोर बसायची रीत नाही. मी म्हटले, “हुकूम आहे असं समजा. मी तुमचा मुलूख पाहिलेला नाही. नदी कुठून वाहते ते मला माहीत नाही, दोन भावांतला थोरला कोण तेही नाही. तुम्ही तिथले. बसा, चहा घ्या, आणि आपसात बोला.”

ते बसले. बसताना त्या नव्या खुर्च्या कुरकुरल्या, आणि इतक्या वर्षांत या माणसांच्या भाराचा आवाज मी ऐकलाच नव्हता. आधी त्यांनी कप उचलले. मग टोकाचा एक म्हातारा बोलू लागला, दुसऱ्याने त्याला तोडले, आणि बघता बघता सगळे एकमेकांत बोलू लागले, आमच्या गावच्या देवळातल्या मीटिंगसारखे. भाषा कळत नव्हती, पण कुणाचा मुद्दा खोडला जातोय ते कळत होते. एकदा तर ते हसले. मधूनच ते बोलणे थांबवून रिकाम्या पाच खुर्च्यांकडे बघायचे, थोडे थांबायचे आणि मान हलवून पुढे जायचे, पलीकडून उत्तर आल्यासारखे.

ऊन उतरल्यावर कारभारी माझ्याकडे वळले आणि म्हणाले, ठरले. काय ठरले ते मी विचारले नाही. मी विचारले, ही गादी मी मोडली तर चालेल? ते म्हणाले, आता चालेल, पण राजा असेपर्यंत नाही, तुम्ही गेल्यावर, आणि मागे कुणी बसायच्या आत. मी मृत्युपत्रात तसे लिहीन, त्या कागदावर साक्षीला याल का, असेही मी विचारले. येऊ म्हणाले.

मग ते उठले आणि गेले. पण या वेळी मागे पावले टाकीत नाही. ते पाठ फिरवून गेले, चहाच्या टपरीवरून माणसे उठून जातात तसे, आपसात बोलत. त्यांच्या पाठी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. सहाही कोट मानेपासून टाचेपर्यंत ओल्या काळ्या मातीने माखलेले होते. कितीतरी वर्षे उताणे पडून राहिलेली माणसे उठून आली असावीत, तशा त्या पाठी होत्या. मी त्यांच्यामागे बघत राहिले. भीती वाटली, पण त्याहून जास्त वाईट वाटले. एवढे करून ही माणसे वर्षातून एकदा उठायची, आणि आम्ही त्यांना उभे ठेवले.

खैरुद्दीन कप उचलायला आत आला. सहा कप रिकामे, पाच भरलेले. त्याने रिकाम्या राहिलेल्या एका खुर्चीच्या बैठकीवर तळवा ठेवला, मग दुसरीच्या, मग पाचही बघितल्या. “वैनी,” तो हळू आवाजात म्हणाला, “फोम नवा आहे. यावर माणूस बसून गेलाय.”

या अकरा खुर्च्या मी मिहिकाला देते. दर वर्षी त्या दिवशी तिने त्या मांडाव्यात, शटर अर्धे उघडे ठेवावे आणि चहा करावा. कुणी येईल न येईल. तिने बारावी खुर्ची आणून त्यांच्या ओळीत बसावे, समोर बसू नये. त्यांनी काही विचारले तर आधी त्यांना विचारावे. हे करायचे की नाही ते तिने ठरवावे, सक्ती नाही. खुर्च्या मात्र विकू नयेत.

८. बाल्कनीतली तुळस, जिला मी लोट्यातले पाणी घालत आले आणि जी इथल्या ऑगस्टमध्येही कधी सुकली नाही, ती शुभ्राने न्यावी. लोटे खैरुद्दीनकडे आहेत. ते घासू नयेत.

९. माझा देह आणि मोठी खुर्ची यांबद्दल.

मी हॉस्पिटलात असताना खैरुद्दीन मागच्या खोलीच्या दाराशी राहील. माझा श्वास थांबल्याची खबर मिहिका सगळ्यात आधी त्याला देईल. रोनितला नाही, पुण्याला नाही, कुडाळला तर नाहीच. खैरुद्दीनने करवत घेऊन आधी खुर्चीची बैठक कापावी. पुढची पट्टी, मग मागची, मग मधला भाग काढून ठेवावा, म्हणजे ती चौकट राहील आणि तिच्यात कुणाला बसता येणार नाही. वासुदेवचे सांधे आहेत, वेळ लागेल. सांधे सोडवीत बसू नये, कापावे. कापून झाल्यावरच बाकीच्यांना फोन करावा.

माझे दहन इथेच व्हावे. खुर्चीचे सगळे लाकूड माझ्याबरोबर जावे. स्मशानात चालत नसेल तर वर्कशॉपच्या मागच्या आवारात त्याच दिवशी जाळावे आणि राख माझ्या राखेत मिसळावी. रोनित, तुला वाईट वाटेल. तुझ्या शोरूमसाठी खैरुद्दीन याहून देखणी खुर्ची करून देईल, आणि तिच्यात बसून तू हवे तेवढे फोटो काढ. या एका खुर्चीत तुझ्या बापाच्या आणि माझ्या मागे कुणी बसायचे नाही. आमचे घराणे दोघांचे झाले, तेवढे पुरे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः मोठ्याने वाचला आणि साक्षीदारांच्या समोर त्यावर सही केली. त्यांनीही माझ्या समोर सह्या केल्या.

सही: मनोरमा वासुदेव मेस्त्री
ठिकाण: शारजा, वर्कशॉपची मागची खोली
दिनांक: २५ ऑगस्ट २००३, दुपारी

साक्षीदार:

पहिला: खैरुद्दीन, मूळ राहणार दाभोळ, सध्या शारजा. सही.

दुसरा: शैलेंद्र, वकील, राहणार दुबई. सही.

तिसरा: नाव सांगितले नाही. अंगठा.

वकिलांची टीप: कायद्याने दोन साक्षीदार पुरतात. तिसरी जागा बाईंच्या आग्रहावरून ठेवली होती. सह्या होताना मी खोलीत होतो आणि आमच्या तिघांखेरीज कुणी आत आले नाही. शाईचा डबा मी उघडलेला नव्हता. अंगठ्याचा ठसा काळ्या मातीचा आहे, अजून ओला आहे, आणि त्यात रेषा नाहीत.